हळू शिवायला बसते आणि उलट वैतागच येतो, असं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. घरात तुकड्यांनी भरलेली मोठी पिशवी आहे, त्यात जुने शर्ट, ओढण्या, पडद्याची कात्रणं, एक फाटकी चादर, सॅटिनचे तुकडे आणि आजीचा एक स्वेटर. थंडी तोंडावर आलीये, अंधार लवकर पडतो, संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून हातानं काहीतरी करावं म्हणून तुम्ही स्लो स्टिचिंग, म्हणजे कापडाच्या तुकड्यांवर हातानं सावकाश, मनाला येईल तसे टाके घालणं, सुरू केलंत आणि दोन-तीनदा अर्धवट सोडलंत. बोट दुखतं, कापड गोळा होतं, दोरा गुंततो. "रिलॅक्स व्हायला बसते आणि अर्ध्या तासात वैतागून उठते, माझ्यात पेशन्सच नाही का?" असं तुम्ही विचारलंय. शिवाय दोरा कुठला घ्यायचा, आणि सोफ्यावर घ्यायचं पांघरूण या थंडीत पुरं होईल का, हेही आहे.

पेशन्सचं आधी डोक्यातून काढून टाका. मी हातशिवण शिकवते, आणि नवीन येणाऱ्या बहुतेकांची हीच तक्रार असते, आणि कारण शोधायला गेलं की ते जवळजवळ नेहमी कापडात सापडतं. तुकडे रंग बघून निवडलेले असतात. साहजिक आहे, व्हिडिओत रंगच दिसतो, सुई किती सहज आत जातेय ते कुठं दिसतं. पण तासभर बसल्यावर हाताला रंग नाही लागत, अडणारी सुई लागते. प्रत्येक टाक्याला जोर लावावा लागत असेल तर ते हळू शिवणं नाही, ती मजुरी आहे, आणि त्यात कुणाचाही पेशन्स संपतो, माझाही.

म्हणून पिशवी रिकामी करा आणि प्रत्येक कापडाची ही एक परीक्षा घ्या. तुकडा, त्याखाली मधला थर म्हणून जे घालणार असाल ते, आणि खाली अस्तर, असे तिन्ही एकत्र धरा आणि सुई नुसत्या दोन बोटांनी, अंगुस्ताण (सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी) न घालता, टोचून बघा. सुईवर तीन-चार टाके एकदम घेता आले आणि दोरा ओढताना 'टक्‌' असा आवाज आला नाही तर कापड पास. आवाज येतो म्हणजे सुई दोन धाग्यांच्या मधून न जाता धागा फोडून जातेय.

धुऊन धुऊन मऊ झालेलं सगळं सुती पास होतं. मलमल, व्हॉइल, केंब्रिक, वापरून जुने झालेले पॉपलिनचे शर्ट, बाळाची दुपटी, सुती ओढण्या. हातमागाचं आणि लिनन बहुतेक वेळा चालतं कारण वीण मोकळी असते, फक्त सूत फार निघतं. फ्लॅनेल थंडीसाठी मस्त पण जाड, तेव्हा त्याच्या खाली मधला थर नको. आणि नापास कोण, तर ज्या चादरीवर तुमचा जीव आहे बहुधा तीच. जास्त थ्रेड काउंटच्या चादरीत धागे इतके दाटीनं बसवलेले असतात की सुईला वाटच मिळत नाही, हाताला गुळगुळीत लागते म्हणून आपण फसतो. पडद्याच्या कापडाला मागून कोटिंग असेल तर ते सरळ बाजूला ठेवा. कॅनव्हास, जीन्सच्या जाड शिवणी, आत बकरमचा कडक थर चिकटवलेल्या कॉलरी आणि कफ, हेही. टी-शर्टचं होजिअरी कापड सुईला मऊ असतं पण ताणतं, सुती कापडाच्या शेजारी लावलं की ते लांबतं आणि शेजारचं आहे तिथंच राहतं, मग फुगवटे येतात.

नवीन कोरं कापड असेल तर आधी धुऊन घ्या. एक तर कांजी निघते, दुसरं म्हणजे सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि जुनं न आटणारं आणि नवीन आटणारं शेजारी-शेजारी शिवलंत तर पांघरूण धुतल्यावर तुमचीच मेहनत वाकडी होईल. लाल, गडद निळं, काळं असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. फडक्यावर रंग आला तर ते कापड वेगळं, एकटं धुवायचं, रंग यायचा थांबेपर्यंत. नाहीच थांबला तर ते या कामात नको.

हे मऊ कापडाचं काही मी शोधून काढलेलं नाही. चिंध्यांवर हातानं शिवण्याच्या जेवढ्या जुन्या पद्धती आहेत त्यातल्या बऱ्याच वापरून मऊ झालेल्या कापडावरच उभ्या आहेत. बंगालचा कांथा घ्या, जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक आणि दोराही जुन्या साडीच्या काठातून काढलेला. जपानच्या उत्तरेकडे, तोहोकू भागात, थंडीमुळे कापूस पिकत नव्हता, मग दक्षिणेकडून जहाजांनी येणारं जुनं वापरलेलं सुती कापड लोक घ्यायचे आणि थरावर थर लावून शिवायचे, ऊब मिळावी म्हणूनही आणि कापड टिकावं म्हणूनही. आज बोरो (ठिगळांवर ठिगळं लावलेले कपडे) आणि साशिको (त्यावरची धावदोऱ्याची शिवण) म्हणून आपण जे कौतुकानं बघतो ते त्यातलं. अमेरिकेत अलाबामामधल्या जीज बेंडच्या बायकांच्या गोधड्या तर २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या, त्यातल्या कितीतरी शेतात-कामावर घालून झिजलेल्या कपड्यांच्या आहेत, जीन्ससुद्धा. पण तिथं तुकडे बघा, मोठे मोठे आहेत. जाड कापड वापरायचंच तर ते असं, मोठे तुकडे, कमी जोड. आपण मात्र जाड डेनिमचे दोन-दोन इंचाचे चौकोन करतो आणि प्रत्येक जोडावर सुई मोडतो.

आता चुण्या, म्हणजे कापड गोळा होणं. तीन कारणं असतात आणि तुमच्या बाबतीत तिन्ही एकदम असू शकतात, न बघता मला सांगता येणार नाही.

सगळ्यात कॉमन म्हणजे दोरा ओढून घट्ट करणं. मशीनच्या शिवणीची सवय डोळ्याला असते, टाका घट्ट बसलेला दिसला की बरं वाटतं. धावदोरा कापडावर नुसता पडून राहिला पाहिजे. एक ओळ झाली की अंगठ्यानं कापड ओळीच्या दिशेनं हलकेच सारून सपाट करायचं, दोरा जेवढा आत जायचा तेवढा जातो, मग पुढची ओळ. हे दर ओळीला, शेवटी एकदम नाही.

दुसरं, थर टाचलेले नसतात. स्लो स्टिचिंग म्हणजे नियम नाहीत असं तुम्हीही लिहिलंय आणि सगळेच सांगतात, मला ते अर्धंच पटतं. टाके वाकडे असोत, लहान-मोठे असोत, मध्येच रंग बदला, काय हवं ते करा, कुणी विचारत नाही. पण खालचे थर सरकले तर वरच्या मोकळेपणाला काही अर्थ राहत नाही. टेबलावर किंवा जमिनीवर अस्तर सपाट पसरा, मांडीवर नाही, त्यावर मधला थर, त्यावर तुकडे, आणि साधारण तळहाताएवढ्या अंतरावर उभे-आडवे लांब लांब कच्चे टाके घालून घ्या. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण हे एकदा झालं की नंतर संध्याकाळी डोकं वापरावं लागत नाही, नुसता हात चालतो, आणि तुम्हाला तेच तर हवंय ना. टाचण्या लावून भागवू नका, मांडीवरच्या कामात त्या टोचतात आणि सोफ्यात पडतात.

तिसरं कारण उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं कापलेलं कापड. कात्रणं कशीही कापलेली असतात, त्यामुळे कुठला तुकडा सरळ धाग्यात आहे आणि कुठला तिरका ते कळत नाही. हातात धरून ताणून बघा. उभ्या धाग्याच्या दिशेनं कापड जवळजवळ ताणतच नाही, आडव्या दिशेनं किंचित ताणतं, तिरकं धरलं तर चांगलंच लांबतं. उरेब तुकडे टाकून देऊ नका, फक्त त्यांच्या कडा हातात धरून ओढू नका आणि त्यांना पूर्ण अस्तराचा आधार द्या. अस्तर मात्र एकसंध आणि सरळ धाग्यातलंच हवं, तिथं तडजोड नको.

आणि एक, थोड्या बारीक सुरकुत्या या चुण्या नव्हेत. हातानं शिवलेल्या थरांना धुतल्यावर बारीक लहरी येणारच. थरांमध्ये अडकून राहिलेली हवा ऊब देते आणि त्या लहरींमुळे ती थोडी जास्तच अडकते. यातूनच दुसरी गोष्ट निघते, की खूप दाट ओळी घातल्या तर थर दाबले जातात, पांघरूण टिकाऊ होतं पण ऊब जरा कमी. तुम्हाला थंडीत अंगावर घ्यायचंय तर ओळी सुटसुटीत ठेवा.

बोट दुखण्याचं म्हणाल तर पन्नास टक्के कापड बदललं की जातं. उरलेलं पद्धतीवर. सुई वर-खाली भोसकत बसू नका. सुई जवळजवळ स्थिर धरायची आणि कापड तिच्यावर चढवायचं, वर-खाली वर-खाली डोलवत, चार-पाच टाके चढले की मग सुई एकदम ओढायची. त्यासाठी कापड सैल लागतं, म्हणून या कामाला भरतकामाची गोल रिंग लावू नका, रिंगमध्ये ताठ झालेल्या कापडावर एकेक टाकाच घालता येतो. मधल्या बोटावर अंगुस्ताण घाला, धातूचं आवडत नसेल तर चामड्याचं. सांधे दुखत असतील किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र ही सगळी युक्ती बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा, ते शिवणकामाचं दुखणं नसू शकतं.

दोऱ्याचं फार अवघड करून ठेवलंय लोकांनी. साधी एम्ब्रॉयडरीची लड घ्या, सुती, सहा पदरांची, साधारण ८ मीटरची असते. तीन पदर वापरा, फार बारीक मलमल असेल तर दोन. पर्लचा दोरा (भरतकामाचा पीळदार, पदर सुटे न होणारा दोरा) आवडला तर ८ नंबर घ्या, आणि लक्षात ठेवा की पर्लमध्ये नंबर वाढला की दोरा बारीक होतो. सुईचंही तसंच, नंबर वाढला की सुई बारीक. तीन पदरांना लांब नेढ्याची एम्ब्रॉयडरी सुई, ७ नंबरच्या आसपास. दोरा गुंततो तो बहुतेक वेळा लांब घेतल्यामुळे, सारखी सुई ओवायचा कंटाळा म्हणून आपण दोन-दोन हात लांब घेतो. ४५-५० सेंटिमीटर पुरे, त्याहून जास्त घेतलात तर प्रत्येक टाक्याला तोच दोरा कापडातून घासत जातो, पिंजतो आणि पीळ खाऊन त्याच्या गाठी होतात. पीळ बसला की सुई खाली लोंबती सोडा, गरागरा फिरून आपोआप सुटतो. ओवायचा कंटाळा असेल तर बसायच्या आधी आठ-दहा सुया ओवून पिनकुशनला लावून ठेवा. चष्मा शोधणंही एकदाच होतं.

थंडीच्या दिवसांत आणखी काही गोष्टी आड येतात ज्या उन्हाळ्यात जाणवत नाहीत. बोटं गार असली की सुई पकडताना ती मंदावतात, मग आपण जोरात धरतो आणि मनगट भरून येतं. सुरुवातीला कोमट पाण्यात हात बुडवून नीट पुसून घ्या, किंवा गरम कप दोन मिनिटं हातात धरून बसा. कातडी कोरडी पडते आणि तिची सालपटं दोऱ्यात अडकतात, रेशमी दोऱ्याला तर फारच. क्रीम लावा पण लगेच कापडाला हात लावू नका, तेलकट डाग बसतो, वीसेक मिनिटं जाऊ द्या. खोलीतला पिवळा दिवा उबदार दिसतो खरा, पण त्यात गडद निळा आणि काळा वेगळे ओळखू येत नाहीत. रंग दिवसा ठरवून ठेवा आणि रात्री फक्त शिवा. शिवताना एक पांढऱ्या उजेडाचा दिवा, तुम्ही उजव्या हातानं शिवत असाल तर डाव्या बाजूनं, नाहीतर हाताची सावली नेमकी टाक्यावर पडते. मांडीवर उशी घ्या म्हणजे काम डोळ्यांकडे वर येईल, मान खाली जाणार नाही. डोळ्यांसाठी २०-२०-२० हा नियम कॉम्प्युटरवाल्यांचा असला तरी आपल्यालाही लागू आहे, दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघायचं. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर उठताना सुया मोजायच्या, हे मात्र कितीही आरामात शिवत असलात तरी सुटायला नको.

आता या थंडीत पुरं होईल का. ते तुमच्या हातावर, मोकळ्या वेळावर आणि ओळी किती जवळ घालता यावर आहे, पण हिशोब मांडता येतो आणि मी तो प्रत्येकाला आधी मांडायला लावते. सोफ्यावर पायांवर घ्यायला १२० बाय १५० सेंटिमीटर पुरतं. १ सेंटिमीटरवर ओळी घातल्या तर १२० ओळी, प्रत्येक दीड मीटरची, म्हणजे १८० मीटर धावदोरा. गप्पा मारत, मध्येच सुई ओवत, मीटरला दहा मिनिटं धरा, ३० तास होतात. ओळी २ सेंटिमीटरवर घेतल्या तर ९० मीटर, १५ तास. दोराही त्याच हिशोबात, टाक्यांच्या वर-खालीसाठी आणि टोकांसाठी थोडा जास्त धरून तीन पदरांनी पहिल्याला साधारण १३ लडी लागतील, दुसऱ्याला ७. हा नुसता वरच्या शिवणीचा वेळ झाला, टाचणं, जोडणं, कडा दुमडणं वेगळं.

हे आकडे बघून घाबरू नका, पण एवढं मोठं एक कापड मांडीवर घेऊन बसूही नका. ते जड असतं, घसरतं, आणि महिनाभर काहीच पूर्ण झालेलं दिसत नाही, हे सगळ्यात वाईट. ३० सेंटिमीटरचे चौकोन करा, वीस. चार आडवे, पाच उभे, तेच माप होतं. २ सेंटिमीटरच्या ओळींनी एक चौकोन पाऊण तासात होतो, म्हणजे एक संध्याकाळ, एक चौकोन. कापताना ३४ चा घ्या कारण शिवल्यावर थोडा आत येतो, मग ३२ ला कापून सरळ करा आणि १ सेंटिमीटर शिवणीत द्या. चौकोन एकमेकांना जोडले की मागच्या जोडांवर पट्ट्या लावून झाकायचे. कवेत मावणारं काम असलं की सोफ्याच्या कोपऱ्यात डब्यात राहतं, हात लागतो तेव्हा घेता येतं. थंडी संपली आणि बाराच झाले तर बाराचं पायांवर घ्यायचं छोटं पांघरूण करा, नाहीतर पुढच्या वर्षी आठ.

तुकड्यांच्या कडांचं विचारलं नाहीत पण सांगते. फोटोत दिसतात तशा उघड्या, सूत सुटलेल्या कडा भिंतीवर लावायच्या कामाला ठीक. रोज अंगावर घेणार, मशीनला धुणार, तर पाच-सहा मिलिमीटर आत दुमडून बारीक हेम घाला, तुकड्यांनाही. वेळ वाढतो. तो नको असेल तर तुकडे मोठे घ्या, म्हणजे कडा कमी. एका चौकोनात चार-पाच तुकडे पुष्कळ झाले. आणि पहिल्या चौकोनात तर तीनच घ्या, सगळे पास झालेल्या ढिगातले, म्हणजे हाताला सहज काम कसं लागतं ते एकदा कळेल आणि मग दुसऱ्या ढिगातलं काय घ्यायचं ते तुमचा हातच ठरवेल.

राहिला स्वेटर आणि सॅटिन. स्वेटर लोकरीचा आहे की ॲक्रिलिकचा ते लेबलवर बघा. लोकरीचा असेल तर तो सुती तुकड्यांच्या बरोबर तसाच शिवू नका, धुण्यात आटून सगळं ओढून घेईल. आधी मुद्दाम गरम पाण्यात साबण घालून घुसळून आटवा, तो फेल्टसारखा घट्ट झाला की मग कापा, कापल्यावर उसवत नाही आणि गंमत म्हणजे सुईलाही मऊ जातो. मधला थर म्हणून झकास, पण मग सगळ्याच चौकोनांत तोच हवा, आणि एका स्वेटरमध्ये वीस चौकोन होणार नाहीत. त्यापेक्षा त्याची एक वेगळी उशी किंवा पायाशी ठेवायची छोटी चटई करा, ओळी न घालता तळहाताच्या अंतरावर दोऱ्याच्या गाठी मारून थर बांधले तरी चालतात. आजीचा असल्यामुळे कापवत नसेल तर नका कापू, काही सक्ती नाही, फक्त धुऊन पूर्ण वाळवून ठेवा कारण कसर लागते ती मळलेल्या लोकरीला आधी. ॲक्रिलिकचा निघाला तर तो आटणारच नाही, कापला की उसवत जाईल, तेव्हा तो अंगात घाला. सॅटिन सरकतं आणि सूत सोडतं, पण तुम्हाला त्याची चमक हवीच असेल तर लहान तुकडा घ्या, मागून पातळ मलमल टाचा, दोन्हीच्या कडा एकत्र दुमडा आणि चौकोनाच्या मधोमध लावा, कडेला नाही. चारपाच लागतील तेवढे ठेवा, बाकीचं सॅटिन ज्यांना मशीनवर पाऊच वगैरे शिवायचे असतील त्यांना देऊन टाका.